दुसऱ्या कांडणाचे गाणे

मुवांगाच्या खोडातून कोरलेले मी एक उखळ आहे. मित्रांनो, माझ्या काठाला तडा गेला आहे, पण तळ शाबूत आहे. येसाया कुमवेंडाने मला कोरले, ते त्याची नवी बायको न्यामसिस्का हिच्यासाठी. काम संपल्यावर त्याने आतून बोट फिरवले आणि तो म्हणाला, "कुसळ लागलं हाताला, तर मला बोल लाव."

त्याच वर्षी पेरणीआधी तो मीठ आणायला बाजारात गेला. परत आला नाही. त्यांचे मूल तेव्हा पोटात होते.

न्यामसिस्काने त्याचे गाणे केले.

मीठ आणाया गेला गं, दार उघडं ठेवून,
चूल माझी जागी गं, वाट त्याची पाहून.

आमच्याकडे मका दोनदा कांडतात. आधी कोंडा काढायचा, मग मका भिजत घालायचा, आणि तो निथळून पुन्हा कांडून पीठ करायचे. पुढे येसायासोबत नेलेला एक माणूस परत आला. माझ्या शेजारी बसून त्याने जे सांगितले, त्याचा न्यामसिस्काने दुसरा भाग केला. पहिला भाग कोंडा काढताना, दुसरा पीठ करताना. उलट तिने कधी म्हटले नाही.

ती म्हातारी झाली तेव्हा नातसून घरात आली. दोघींनी एकच सुगी मिळून कांडले. मग न्यामसिस्का गेली आणि गावात गिरणी आली. बायका कोंडा माझ्यात काढत आणि पिठासाठी गिरणीवर जात. मला वाईट वाटले नाही. त्यांचे सुजलेले तळहात मी पाहिले होते. पण दुसरे कांडण थांबले, तसा गाण्याचा दुसरा भागही थांबला. उरलेल्या दोन ओळींवर मुली टाळ्यांचा खेळ खेळू लागल्या. ज्यांना खरे ठाऊक होते ती माणसे गेली, आणि गावाने ठरवून टाकले, येसाया बायकोला टाकून पळाला. कुमवेंडांपैकी कोणी बाजाराला निघाला की दुकानाच्या ओट्यावरून हाक यायची, "काय हो, मीठ आणायला का? मग घरच्यांचा निरोप घेऊनच जा!"

ती नातसून आता आजी आहे. तिची नात लुसुंगु सातवीत आहे. यंदा गोंडवे सरांनी वर्गात पहिले महायुद्ध शिकवले. पुस्तकात राजे होते, तह होते, दूरच्या चिखलातले खंदक होते. सर म्हणाले, "ते आपल्याकडेही आलं होतं. घरी विचारा. ज्याला आपल्या माणसाचं सांगता येईल, तो स्मृतिदिनाच्या सभेत पुढे येईल."

"माझ्या पणजोबांचं पदक आहे," खुम्बो म्हणाला. "लुसुंगु, तू काय सांगणार? मिठाचा भाव?"

वर्ग हसला. लुसुंगु घरी आली आणि मला टेकून बसली.

"आजी, तो खरंच पळाला का गं?"

"पुढे होतं काहीतरी. दोराचं. बसून नाही आठवत, बाई."

त्या आठवड्यात गिरणीचे डिझेल संपले. घराघरांत भिजलेला मका आंबू लागला.

"बघत काय बसलीस? उचल ते मुसळ," आजी म्हणाली. "पीठ काय आभाळातून पडणार आहे?"

दोघी आळीपाळीने घाव घालू लागल्या. ओल्या मक्याचा आवाज वेगळा असतो, जड आणि संथ. आजीच्या हातांना ठेका सापडला आणि ओठ आपोआप हलले.

बाजारात दोर गं, कमरेला बांधला,
परक्यांचा दारूगोळा डोईवर लादला.

लुसुंगुचे मुसळ हवेतच राहिले.

"थांबू नकोस!" आजी ओरडली. "थांबलीस तर जाईल ते!"

सभेच्या दिवशी मला लोटत शाळेत नेले. आधी खुम्बोने पदक दाखवले. मग आजी आणि लुसुंगुने मुसळे उचलली. पहिल्या भागाला सगळी शाळा हसत टाळ्या देत होती. मग लुसुंगुने कोंडा उपसला, भिजवलेला मका ओतला आणि दुसरा भाग सुरू झाला. दोराची ओळ आली तशा टाळ्या एकेक करून थांबल्या. सर खालच्या आवाजात म्हणाले, "करोंगाच्या आघाडीच्या वाटेवर सैन्यानं अशी कितीतरी माणसं नेली. ओझी वाहायला."

मध्येच आजीचा श्वास तुटला. मुसळ तिच्या हातातून निसटू लागले. खुम्बो पुढे आला, त्याने ते धरले आणि लुसुंगुच्या घावानंतर घाव घातला. आमच्याकडे मुलगे कांडत नाहीत. पण कोणी हसले नाही. ठेका चालू राहिला, आणि आजीने शेवट गाठला.

वाटेवर तो बसला गं, वाट पुढे गेली,
मिठाची ती पुडी गं, कमरेलाच राहिली.

मित्रांनो, गिरणी पुन्हा सुरू झाली आहे आणि ती सुरूच राहावी. मला रोज कांडा, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरी एखादे गाणे किंवा एखाद्याची कुचेष्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असेल, तर ती अर्धी तर नाही ना, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. बसून आठवत नसेल, तर त्याच्या हातात त्याचे जुने काम द्या आणि दुसरे टोक तुम्ही धरा. येसाया पळाला नव्हता, ओझे वाहता वाहता वाटेतच गेला होता. मला कोरून झाल्यावर त्याने आतून बोट फिरवले होते, ती जागा अजून गुळगुळीत आहे.