माइकची बहिरी बाजू

चिऊ चाळिशीला टेकली होती. केसांत पांढरं डोकावायला लागलं होतं, गाणारे-वाजवणारे तिला मानाने ‘मॅडम’ म्हणत, पण आत्यापुढे ती अजून चिऊच होती. आणि त्या दिवशी ही चिऊ सकाळपासून घड्याळाकडे बघत होती. आत्या स्टुडिओत वाचायला येणार होती, आणि स्टुडिओतल्या म्हाताऱ्या माइकने नेमकी त्याच आठवड्यात मान टाकली होती.

स्टुडिओ म्हणजे काय, तर शिंप्याच्या दुकानामागच्या दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या रजया आणि गालिचे ठोकलेले, बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, स्पीकर आणि एक बुटका फ्रीज, आणि दोन्हींच्या मध्ये एक काच. रेकॉर्डिंग सुरू करताना फ्रीज बंद करायचा, कारण त्याची घरघर आवाजात उतरते. मग तो चालू करायला विसरू नये म्हणून स्कूटरची चावी फ्रीजमध्ये ठेवायची. घरी जायला चावी लागतेच! ही शक्कल आतोबांची, म्हणजे आत्याच्या नवऱ्याची. त्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. डोकं असल्याच गोष्टींत चालायचं आणि तोंड जवळजवळ चालायचंच नाही.

आत्या मात्र बोलण्यावरच जगलेली. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची हा तिचा धंदा. चिऊची आई गेली तेव्हा हिनेच तिला पोटाशी घेतलं, आणि रोज अंथरुणात गोष्ट वाचता वाचता मध्येच थांबून विचारायची, “आता काय ऐकू येतंय, सांग.” नळ, जिन्यावरची चप्पल, शेजारच्यांचं भांडण. चिऊचे कान तिथे तयार झाले. पुढे तिने स्टुडिओ काढला तेव्हा पहिलं गिऱ्हाईकही आत्याच.

आता त्याच आत्याचा घसा कापून शिवलेला होता. एक जाडजूड कादंबरी अर्धी वाचून झाली आणि ऑपरेशन निघालं. कितीतरी महिने डॉक्टरांनी तिला तोंड उघडू दिलं नाही. आता आवाज परत आला होता, पण तो आवाज पूर्वीचा नव्हता. खरखरीत झाला होता आणि वाक्याच्या शेवटी विरून जायचा. प्रकाशनाच्या संपादिकाबाई सज्जन होत्या, पण त्यांनाही काम संपवायचं होतं. त्यांनी सांगितलं होतं, “एका पानाचा नमुना पाठवा. जमत नसेल तर दुसऱ्या वाचकाकडून पहिल्यापासून करून घेऊ.” आत्या त्यावर नुसती मान हलवून गप्प बसली होती, आणि आत्या गप्प बसली की घर कसं खायला उठतं हे चिऊला ठाऊक होतं.

म्हणून माइक. एकच घ्यायची ऐपत, आणि त्या एकाने सगळं करायला हवं. गाणं, गिटार, बासरी, जाहिरात आणि आत्या. अशा कामाला मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माइक लागतो. आतला पातळ पडदा नुसत्या श्वासानेही थरथरतो, त्यामुळे काही लपत नाही. चिऊला मात्र मनातून लपवणाराच हवा होता. दुकानदाराने तीन माइक वापरून बघायला दिले होते. एक चकचकीत, एक गुबगुबीत, आणि एक करडा, ज्याच्या पाठीवर बारीकसं बटण होतं.

“हे बघ आत्या,” चिऊने फर्मान काढलं, “तेच पान, तीच खुर्ची, माइकपासून एक वीत अंतर. फक्त माइक बदलायचा, बाकी काडीही हलवायची नाही. नाहीतर कळणार कसं की फरक कशाने पडला?”

“आज्ञा, मॅडम,” आत्या म्हणाली. “आणि यांना कुठे ठेवायचं?”

आतोबा थर्मास घेऊन दारात उभे होते. त्यांना नेहमीप्रमाणे बाहेर बसवण्यात आलं. त्यांच्या बुडाखाली कुठलीही खुर्ची कुरकुरते अशी चिऊची तक्रार होती.

चकचकीत माइकवर आत्याचा प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा वाजला. गुबगुबीतवर आवाज गोड झाला, पण असा की आत्या उशीत तोंड घालून वाचतेय. आणि दोन्ही वेळा ती अडखळली. वाक्य अर्ध्यात सुटायचं, ती पुन्हा मागून पकडायची. काचेपलीकडे चिऊ हसरा चेहरा करून बसली होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. जमत नाहीये, हे आता आत्याला सांगायचं कुणी? आतोबा तर सांगणार नव्हते.

करडा माइक लावला तेव्हा आत्याचा घसा पार कोरडा पडला होता. आतोबा कोमट पाणी घेऊन आत आले आणि माइकच्या पलीकडे, आत्याच्या समोरच्या स्टुलावर टेकले. ते उठायला लागले तशी आत्या म्हणाली, “बसा आता तिथेच. उठलात की काहीतरी कुरकुरेल.”

आणि आत्याने पान वाचलं. एका दमात, कुठेही न अडखळता! आवाज खरखरीतच होता, पण वाक्यं पायावर उभी होती. चिऊने टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. मिळाला माइक! दुकानदाराला कळवायला तिने फोनला हात घातला, आणि सवयीने एकदा हेडफोन लावून पुन्हा ऐकलं.

आत्याच्या आवाजाखाली आणखी काहीतरी होतं.

आधी तिला वाटलं शिंप्याचा रेडिओ. पण रेडिओ आत्याबरोबर श्वास घेत नाही. तिने आवाज वाढवला. पुरुषाचा आवाज, अगदी पुटपुटल्यासारखा, शब्दाला शब्द जोडून तेच पान म्हणत होता. कधी आत्याच्या केसभर पुढे, कधी मागे. चिऊ उठून आत गेली, करड्या माइकची पाठ बघितली आणि कपाळावर हात मारला. बटण दोन्ही बाजूंनी ऐकण्यावर होतं. आधी वापरून बघणाऱ्या कुणी दोघांनी माइकच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून गायलं असणार आणि बटण तसंच ठेवलं असणार. जगाला शिस्त शिकवणाऱ्या बाईने माइकची पाठच तपासली नव्हती. वर स्वतःचा नियमही मोडला होता. माइक बदलला होता, आणि त्याच वेळी आतोबाही आत आले होते.

“आतोबा, तुम्ही वाचत होतात?”

“मी?” आतोबा चोरी पकडल्यासारखे दचकले. “मी कुठे काय बोललो?”

चिऊने त्यांना हेडफोन लावला. ते ऐकत राहिले आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. आत्या हसायला लागली, हसता हसता खोकली, मग पाणी प्यायली.

“अगं, मला बोलायची बंदी होती ना, तेव्हा हे रोज दुपारी मला हेच पुस्तक वाचून दाखवायचे,” ती म्हणाली. “मी अर्ध्यावर सोडलेलं. म्हणाले, तुझी जागा हरवायला नको. कसं वाचायचे म्हणतेस! स्वल्पविरामाला थांबायचे नाहीत, मी चिमटा काढायची. मग मला बोलायची परवानगी मिळाली, पण भीती वाटायची. तर हे बरोबर पुटपुटायला लागले. सायकल शिकवताना मागून सीट धरतात ना, तसं. कधी सोडलं, कधी धरलं, मला कळतही नाही.”

“मला वाटलं, मी मनातच म्हणतोय,” आतोबा जमिनीकडे बघत म्हणाले.

पूर्वीपासून जेव्हा जेव्हा आत्या इथे वाचायला यायची, तेव्हा हा माणूस बाहेर फ्रीजशेजारी बसून राहायचा. त्याला आत बोलवावं असं तिच्या एवढ्या तयार कानांना कधी सुचलं नव्हतं. तिने दोघांकडे पाहिलं. लहानपणी तिच्या उशाशी आत्याचा आवाज होता, पण दाराशी पंख्याचं बटण बंद करून अंधारात उभे असायचे ते हेच, आवाज स्वच्छ यावा म्हणून. हे तिला आत्ता आठवलं.

“आता पुन्हा,” ती म्हणाली. “तिन्ही माइक. आणि तिन्ही वेळा आतोबा आत.”

या खेपेला आत्या तिन्हींवर सरळ वाचत गेली. प्रश्न एवढाच उरला की कोणत्या माइकच्या पाठीला कमी ऐकू येतं. चकचकीताने आतोबांची कुजबुज बारीक करून पकडली. गुबगुबीताने ती सरमिसळ केली. करड्याचं बटण चिऊने एका बाजूवर आणलं, आणि त्याची पाठ ठार बहिरी झाली. आतोबा हाताच्या अंतरावर बसून पानभर पुटपुटले, त्यातलं एक अक्षर आत गेलं नाही. समोरून मात्र आत्या जशी होती तशी आली, खरखरीसकट. चिऊने ती खरखर घासूनपुसून काढायचा विचार केला आणि सोडून दिला. नमुना तसाच गेला.

दुकानदाराने विचारलं, “कसा वाटला? करड्याचा आवाज आवडला ना?”

“आवाज चांगला आहेच,” चिऊ म्हणाली. “पण मी घेतला तो पाठीसाठी.”

दुकानदाराला काही कळलं नाही. त्याने बिल केलं.

संपादिकाबाईंचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. आवाज बदललाय, पण पुस्तकातली बाईही उत्तरार्धात म्हातारी होते, तेव्हा इथून पुढे असाच चालू द्या. आत्याने तो निरोप आतोबांना मोठ्याने वाचायला लावला, आणि स्वल्पविरामाला चिमटा काढला.

मग रोज दुपारी दोघं यायची. फ्रीज बंद व्हायचा, चावी आत जायची. माइकच्या ऐकत्या बाजूला आत्या, बहिऱ्या बाजूला आतोबा. मधल्या वेळात त्याच माइकवर बासरी झाली, गिटार झाली, साबणाची जाहिरातही झाली, आणि माइकने कशालाच नाक मुरडलं नाही.

शेवटचं पान झालं. आता राहिली होती फक्त समाप्तीची ओळ, पुस्तकाचं नाव आणि वाचकाचं नाव. आत्याने थांबायची खूण केली. ती पुढे वाकली, माइकच्या पाठीवरचं बटण स्वतःच्या हाताने सरकवलं आणि काचेतून चिऊकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. आतोबा पाण्याचा पेला भरत होते, त्यांनी काही पाहिलं नाही.

आत्याने पुस्तकाचं नाव घेतलं. पलीकडून आतोबांनीही ते सवयीने पुटपुटलं. मग आत्या थोडी थांबली आणि म्हणाली, “वाचन, आम्ही दोघांनी.”

हे कागदावर नव्हतं. पण आतोबांची जीभ आत्याच्या मागे चालायला एवढी सरावली होती की थांबलीच नाही.

“आम्ही दोघांनी,” ते म्हणाले, आणि मग मान वर करून आत्याकडे बघत राहिले.

चिऊने रेकॉर्डिंग थांबवलं. त्या ओळीला तिने कात्री लावली नाही. ती आत गेली, दोघांच्या मध्ये उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी दोघांना जवळ ओढलं. स्टूल कुरकुरलं. त्या दिवशी फ्रीज मात्र रात्रभर बंदच राहिला, कारण तिघं गप्पा मारत चालतच घरी गेली.