तुळसाबाईचा अंगठा आणि माझा पान्हा

मी चांदरी बोलतेय, अनसिंगच्या बबनरावांच्या कोठ्यातली म्हैस. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चांदरी. आणि शिंगं बघा, पार खांद्यापर्यंत मागं गेलेली. आमच्या वऱ्हाडी म्हशींची शान ती. मला गर्व आहे म्हणता? आहेच. ज्याच्याजवळ काही आहे त्यानं करावा की.

जन्म याच कोठ्यातला. मला जन्म देऊन आठवड्यात माझी माय गेली. बबनरावांची बायको तुळसाबाई दुधाच्या भांड्यात उजवा अंगठा बुडवायची आणि माझ्या तोंडात द्यायची. तो चोखत चोखत मी दूध प्यायला शिकले. आईची कास मला आठवत नाही, तो अंगठा आठवतो.

मी व्याले तेव्हा धारेलाही तोच अंगठा आला. मुडपून, सड त्याच्या पेराशी दाबून ती अशी धार काढायची की बादलीत फेस उभा राहायचा. दुसऱ्या कुणाला मी पान्हा सोडला नाही. शेजारच्या जिजाबाईची बादली मी लाथेनं लवंडली. बबनराव एकदा बसले, ते शेणातच पडले. माझी लाथ हलकी नाही.

यंदा दिवाळीनंतर तो अंगठा अडायला लागला. धार काढता काढता 'कट्' व्हायचं आणि तुळसाबाई ओठ चावायची. सकाळी तर तो वाकलेलाच असायचा, डाव्या हातानं सरळ करावा लागायचा. हळदीचा लेप झाला, विटेचा शेक झाला. मालिशवाल्यानं ओढून दिला, तर सूज दुप्पट झाली. माझी धार निम्मीच निघायची आणि उरलेल्या दुधानं कास दगडासारखी व्हायची. तिचंही दुखायचं, माझंही दुखायचं.

एक दिवस बबनराव कागदात गुंडाळलेली सुई घेऊन आले.

"हे टोचली का म्हस कोनालेबी पान्हा सोडते म्हन्तात," ते म्हणाले. "नाहीतं इकून टाकू. रोज तुह्यं रडनं पाहून राह्यलो मी."

तुळसाबाई माझ्या आणि त्यांच्या मधे येऊन उभी राहिली.

"म्हस हाय का नळ हाय? दुखनं माह्या अंगठ्यात, अन् सुई तिले? सुई द्याचीच असन तं मले द्या. तिले हात लावसान तं याद राखा."

ही बाई सुईला किती भिते ते मला विचारा. गावात लस टोचणारे आले, तेव्हा ती माझ्याच आडोशाला कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगामागं लपली होती. आणि तीच आता स्वतःसाठी सुई मागत होती. माझा ऊर भरून आला. म्हशीलाही ऊर असतो.

लेक योगिनी आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला दिलेली. तिनं मायला तिथल्या डॉक्टरकडे नेलं. परत आल्यावर तुळसाबाई कोठ्यातच बसून जिजाबाईला सगळं सांगत होती.

"डाक्टरनं अंगठ्याच्या बुडाशी दाबलं, तं गाठ लागली. म्हने, अंगठा वाकवनारी दोरी हाय, ते नळीतून जाते. नळी सुजली, म्हून दोरी अटकते. शुगर तपासली, मंग तिथंच सुई देली. सुजीचं औषध अन् बधिरीचं."

"दुखलं काय वं?"

"दुखलं ना. योगिनीचा हात असा दाबला का तिच्याच बांगड्या फुटल्या." दोघी हसल्या. मग तुळसाबाई हळू आवाजात म्हणाली, "आज बरं वाटलं तं ते बधिरीचं, खरा गुन हळूहळू येते म्हने. दोन हप्ते धार काढाची नाही. नाही उतरलं तं पुन्हा पाहू, नाहीतं लहानसं आपरेशन. मले तं चांदरीचाच घोर हाय. इची कास सडन."

दुसऱ्या दिवशी पहाटे कोठ्यात हिरवं लुगडं आलं. तुळसाबाईचंच, वासही तिचाच. पण डोक्यावरच्या पदराखाली मिशा होत्या. बबनराव घाबरत घाबरत बसले. तुळसाबाई दारात उभी होती, अंगठा छातीशी धरून. तिचे डोळे माझ्याकडे लागलेले.

मी काय खुळी आहे? हाताचा पहिला स्पर्श होताच ओळखलं. पाय उचललासुद्धा. मग दाराकडं पाहिलं, आणि तो खाली ठेवला. मान वळवली, डोळे मिटले आणि पान्हा सोडला.

तुळसाबाईनं पदर डोळ्यांना लावला. रोज ते लुगडं यायचं, रोज मी फसायची.

आता अंगठा सरळ झालाय. 'कट्' ऐकू येत नाही. धारेआधी ती तो माझ्या तोंडापुढं धरते, मी चाटते, मग ती अंगठा न मुडपता, अख्ख्या मुठीनं धार काढते. डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. तुमच्या घरात कुणाचं बोट अडत असेल, मनगट किंवा कोपर ठणकत असेल, तर ओढाओढ करू नका, वेळेत दाखवा. म्हशीचं ऐकलं म्हणून कुणी हसलं तर माझ्याकडे पाठवा, लाथ शिल्लक आहे.

बबनराव मात्र पारावर बसून सांगतात, मी म्हशीला कसं फसवलं. सांगू दे बिचाऱ्यांना. कोण कुणासाठी फसलं, ते त्या अंगठ्याला माहीत आहे.