एक्केचाळीस सेकंद

ती तार खोटी होती, साहेब, आणि ती खोटी आहे हे तुम्हाला माहीत होते. बोट माझे होते, शब्द तुमचे. बोटाचे पाप मी कबूल करतो. शब्दांचे कोण करणार?

तुमच्या वेधशाळेत मी बावीस वर्षे घड्याळ सांभाळले. तारा दुर्बिणीतला धागा ओलांडतो तो क्षण टिपायचा, त्यावरून तळघरातल्या घड्याळाची चूक काढायची आणि रविवार सोडून रोज दुपारी बाराला रेल्वेला तारेने ठोका पाठवायचा. त्या ठोक्यावर इथून डुलूथपर्यंत स्टेशनांची घड्याळे लागत. शाळा मी चौथीत सोडली. पण हे काम मला तुमच्याइतकेच येत होते.

एकोणीसशे आठ सालची गोष्ट. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी माझ्या मेहुण्याकडे, एलिंगकडे, डुक्कर कापले. एलिंग म्हणजे माझ्या बायकोचा, बर्गिटचा, धाकटा भाऊ, मालगाडीचा ड्रायव्हर. कोपरापर्यंत रक्ताने माखलेल्या हातांनी तोच मला म्हणाला, "दाजी, आज शनिवार. घड्याळाला चावी दिली का?"

"देतो रे, जाताना."

"नाहीतर सगळी रेल्वे थांबायची आणि नाव माझ्या डुकराचं व्हायचं."

सगळे हसले. मीही हसलो, सॉसेज भरत बसलो आणि विसरलो.

सोमवारी सकाळी तळघरात उतरलो तर लंबक उभा. वजन तळाला टेकलेले. मी चावी दिली आणि माझ्या खिशातल्या स्वस्त घड्याळावरून काटे लावले. मग वर येऊन तुम्हाला सगळे सांगितले. सांगितले होते, साहेब. आठवते ना?

बाहेर ढग होते. मी म्हणालो, शिकागोला तार करून वेळ मागवू.

"आपण वेळ मागायची?" तुम्ही म्हणालात. "मग रेल्वे आपल्याला कशासाठी ठेवते? उद्या आकाश उघडेल. बाराचा ठोका जाऊ दे."

आकाश अठरा दिवस उघडले नाही.

रेल्वेचा नियम असा की माणसाचे घड्याळ तीस सेकंदांहून जास्त चुकता कामा नये आणि त्याचा काटा तपासनिसाशिवाय कोणी हलवायचा नाही. सगळे हलवत. स्टेशनच्या घड्याळात फरक दिसला की काचेचे झाकण फिरवून काढायचे, नखाने काटा सरकवायचा, झाकण परत लावायचे. त्या सोमवारीही सगळ्यांनी तेच केले. एलिंगने केले नाही. त्याने आयुष्यात काट्याला नख लावले नव्हते.

नोव्हेंबरच्या बारा तारखेला तपासणी झाली. त्याचे घड्याळ बेचाळीस सेकंद पुढे निघाले.

"दे इकडे, लावून देतो," तपासनीस म्हणाला. "एक शेरा पडेल, बस."

"माझं घड्याळ बरोबर आहे."

"आणि वेधशाळेचं चूक?"

"विचारा की. आमचे दाजीच आहेत तिथे. ते खोटं नाही सांगायचे."

त्यांनी विचारले. रेल्वेची तार मीच उतरवून घेतली आणि तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही चष्मा पुसलात. "लिही," म्हणालात. "वेधशाळेची वेळ बिनचूक आहे."

"साहेब, तो माझा मेहुणा आहे."

"म्हणूनच. आज कबूल केलंस तर कोणाची नोकरी जाईल?"

मी बटणावर बोट ठेवले. पाच-सहा शब्द. अर्धे मिनिटही लागले नाही. त्याच संध्याकाळी एलिंगला घरी बसवले.

वीस तारखेला दिवेलागणीला आकाश उघडले. सात तारे धरले, आकडेमोड दोनदा केली. आपले घड्याळ एक्केचाळीस सेकंद मागे होते. दुसऱ्या सकाळी खरी वेळ खिशात घेऊन मी एलिंगकडे गेलो. त्याने कॉफी ओतली आणि आपले घड्याळ माझ्यापुढे सरकवले. दोन सेकंद. अठरा दिवसांची सगळी चूक म्हणून फक्त दोन सेकंद.

"बोला दाजी. किती?"

"सांगता येत नाही रे. माझंच घड्याळ धड नाही."

"वाहवा! सुताराची खुर्ची मोडकी," तो हसला आणि मला आणखी कॉफी दिली. मी ती प्यायलो.

इकडे तुम्ही फर्मावले की घड्याळ एकदम दुरुस्त करायचे नाही, लोकांच्या लक्षात येईल. रोज तीन सेकंद पुढे न्यायचे. दोन आठवडे मी तेच केले आणि वहीत रोज लिहिले, ‘घड्याळ ठीक.’ एलिंग रोज स्टेशनवर जाऊन बघे. शेवटी म्हणाला, "बघा, तुमचं घड्याळ माझ्यावर आलं." फलाटावरचे लोक म्हणाले, "गड्या, आता तुझं मागे पडायला लागलंय." ते हसले आणि पाण्याच्या टाकीशी माझ्याजवळ उभा राहून तोही हसला. त्यानंतर तो स्टेशनवर गेला नाही.

आठ वर्षे त्याने धान्याच्या कोठारात फावडे मारले. धुळीने छाती भरली. या मार्चमध्ये गेला. मर्तिकाच्या दिवशी त्याच्या बायकोने घड्याळ माझ्या हातात ठेवले. "वन्सं म्हणाल्या, तुम्हालाच द्यावं. तुम्हाला यातलं कळतं." बर्गिट शेजारीच उभी होती. तिला अजून काही माहीत नाही. हे पत्र वर्तमानपत्रात छापून आले की कळेल. मग ती माझ्या ताटात काय वाढते ते बघू.

घड्याळाला मी रोज सकाळी चावी देतो. काट्याला हात लावत नाही.

साहेब, तुम्ही निवृत्त झालात, वेधशाळेच्या दिवाणखान्यात तुमची तसबीर लागली. त्या नोव्हेंबरची वही तिच्याच खालच्या कपाटात आहे, अक्षर माझे, प्रत्येक पानाखाली सही तुमची. मला माफी नको आहे आणि तुमचे स्पष्टीकरणही नको. एलिंगची बायको वाचायला शिकलेली नाही, तिला मी वाचून दाखवीन. एवढेच लिहून पाठवा: बारा नोव्हेंबरला त्या फलाटावर कोणाचे घड्याळ बरोबर होते?