आटे

मास्तुरानं रिमोटवरची गाडी उलटी करून मांडीवर घेतली आणि पुढच्या डाव्या चाकाचा दांडा सांगाड्याला धरून ठेवणारा स्क्रू पुन्हा कसून पाहिला. सकाळपासूनची ही चौथी वेळ. ॲलन की पाव वळसा फिरली, मग अर्धा, मग पूर्ण. अडायला हवी तिथे अडलीच नाही. तिनं आणखी एक वळसा दिला. स्क्रू जागच्या जागी गोल फिरत राहिला.

तिनं मान वर करून पाहिलं. पत्र्याच्या शेडखाली टेबलं मांडून पंधरा-सोळा जण आपापल्या गाड्यांवर वाकले होते. कोणी टायरांच्या खाचांतली लाल माती ब्रशनं काढत होतं, कोणी बॅटरी चार्जिंगला लावून पिशवीतला थंड तेह, दुधाचा चहा, स्ट्रॉनं ओढत होतं. शेडपलीकडे कथिलाच्या जुन्या खाणीचं तळं, आणि तळ्याच्या अलीकडे क्लबचा कच्चा ट्रॅक. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे अंकल लिओंग सोडून.

"दे इकडे," ते म्हणाले.

"काही नाही, अंकल. जरा तपासत होते."

"तेच म्हणतोय. दे."

ईपोह शहराच्या जुन्या बाजारात अंकल लिओंगचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं बारीक चाकांत डोळे घालून बसल्यामुळे ते कुठल्याही वस्तूकडे एक डोळा मिटूनच बघत. त्यांनी गाडी हातात घेतली, स्क्रूवर नुसतं बोट टेकवलं आणि फिरवलं. बोटानं फिरला.

"किती वेळा कसलास?"

"आज?"

ते हसले नाहीत. "म्हणजे रोज कसतेस."

मास्तुरानं ॲलन की फडक्याला पुसली. ती पुसायची गरज नव्हती.

"हा स्क्रू लोखंडात नाही, पोरी. प्लास्टिकमध्ये आहे. दर वेळी जरासा कसला की आत जरासं खरवडतं. आटे गेलेत." त्यांनी गाडी खाली ठेवली. "स्क्रू सैल नव्हताच. तू केलास."

या हंगामात क्लबच्या पाच शर्यती झाल्या होत्या आणि पाचांपैकी एकही तिनं पूर्ण केली नव्हती. पहिल्या शर्यतीत चाकाचा नट उडाला. दुसरीत स्टिअरिंगची काडी निखळली. तिसरीत मोटरची वायर तुटली. प्रत्येक शर्यतीनंतर तिच्या तपासणीच्या यादीत एक ओळ वाढली. लग्नाआधी ती रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. मोज्यात पाणी भरायचं, उलटा टांगायचा, थेंब येतो का बघायचं. हजारात एखादा गळका निघायचा. त्या एकासाठी उरलेले सगळे बघावे लागत. गाडीचंही तसंच असणार, असं ती धरून चालली होती.

गाडी मात्र तिनं मनापासून घडवली होती. हातभर लांबीची ही रॅलीची गाडी मुळात डांबरी ट्रॅकसाठी बनलेली. मातीसाठी तिनं ती उंच केली, लांब शॉकअप बसवले, त्यांत दाट तेल भरलं. मोटरवर धूळ बसू नये म्हणून इन्तानच्या जुन्या लांब मोज्याचा तुकडा ताणून बांधला. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून मागच्या चाकांचे मडगार्ड कापले. त्यावर झाकणाचं अर्धं आंब्याचं चित्र अजून दिसत होतं.

इन्तान तिची मुलगी, चार वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी तापात तिला आकडी आली होती. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांत होतं असं, मोठी होईल तसं जाईल. त्यानंतर मास्तुराचा हात सतत मुलीच्या कपाळावर असे. महिनाभर ते बघून तिच्या नवऱ्यानं, फैरुजनं, आपली धूळ खात पडलेली ही गाडी खोक्यासकट तिच्यासमोर ठेवली होती. "हिला हात लाव," एवढंच तो म्हणाला होता.

"आज तरी पूर्ण होईल का, अंकल?"

"छोटी फायनल किती वाजता?"

"पाऊण तास आहे."

"मग होईल. पण मी सांगेन तसं."

त्यांनी स्क्रू काढला. टूथपिकच्या टोकावर गोंदाचा एक थेंब घेऊन तो भोकाच्या आतल्या भिंतीला सगळीकडून फिरवला. "अर्धा तास वाळू दे. मग स्क्रू घाल, पण आधी उलटा फिरव. टक् झालं की समज आट्यात बसला. मग सुलटा, हळू. अडला की थांब. परत हात लावायचा नाही."

"अडला हे कळलं नाही तर?"

"कळेल. तू थांबलीस तर कळेल." त्यांनी तिच्या हातातली ॲलन की काढून घेतली आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकली. "वेळ झाली की माझ्याकडे माग."

आता हाताला काहीच नव्हतं. तिनं बॅटरीचे व्होल्ट पाहिले. टायर दाबून पाहिले. मग फोन काढला.

काल संध्याकाळी इन्तानचं अंग किंचित कोमट लागलं होतं. फैरुजची रविवारची पाळी होती, म्हणून मुलगी सासूजवळ. सासूला ती माक म्हणत असे. माकनं पाचव्या घंटेला फोन उचलला.

"परत? आत्ता तर केला होतास."

"ताप आहे का, माक?"

"नाही."

"मोजलात?"

"मोजला. सदतीसच्या आत आहे. आत्ता कुठे डोळा लागला होता तिचा, तुझ्या फोननं चुळबुळ करायला लागली. अगं, मी तीन पोरं वाढवलीत. त्यातलं एक तुझ्याच घरात आहे, बघ नीट वाढलंय की नाही ते."

"तसं नाही, माक."

"तू आता फोन करू नकोस. खेळ तुझी गाडी. काही झालंच तर मी करीन."

फोन बंद झाला. काही झालंच तर मी करीन. मास्तुरानं आवाज बंद करून फोन पँटच्या खिशात ठेवला, आणि थरथर कळावी म्हणून खिशावर तळहात टेकवून बसली.

अर्ध्या तासानं अंकलनी की दिली. तिनं स्क्रू भोकावर ठेवला, उलटा फिरवला. टक् झालं. मग सुलटा. चौथ्या वळशाला बोटांना अडथळा लागला. तिची बोटं आणखी थोडं फिरवायला निघाली होती. अंकलनी तळहात पुढे केला आणि की परत घेतली.

ट्रॅकच्या कडेच्या मचाणावर छोट्या फायनलचे, म्हणजे आधीच्या फेऱ्यांत मागे पडलेले, आठ जण रिमोट घेऊन उभे राहिले. खाली ट्रॅकवर आठ गाड्या. माइकवर कुमरन होता, क्लबचा सेक्रेटरी. "छोटी फायनल, पाच मिनिटं. मास्तुरा अक्का, आज सगळे स्क्रू आणलेत ना? गाडीचे विचारतोय."

मचाणावर हशा पिकला. मास्तुरानं रिमोटचं चाक घट्ट धरलं. दोन्ही हात गुंतलेले. पाच मिनिटं खिशाला हात लावता येणार नव्हता.

भोंगा वाजला. पहिल्या वळणावर दोन गाड्या एकमेकींवर चढल्या, ती बाहेरून निघाली. उंचवट्यावरून गाडी उडाली की तिचा श्वास अडके आणि चारही चाकं मातीला लागली की सुटे. डावं चाक. तिला दुसरं काही दिसतच नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी मागून धडकलं, गाडी आडवी झाली, पुन्हा सरळ झाली. चाक होतं. चौथ्या मिनिटाला ती सहावी होती. शेवटच्या फेरीत पुढची गाडी चिखलात फिरली आणि ती पाचवी झाली. मग भोंगा.

"पाचवी, मास्तुरा," कुमरन म्हणाला. "मंडळी, अक्काची गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली आहे. कोणीतरी लिहून ठेवा. बरं, छोट्या फायनलवाले, मार्शल म्हणून आपापल्या वळणावर उभे राहा. जागा सोडली तर आत्ताचा निकाल बाद, माहितीय सगळ्यांना."

क्लबचा नियमच होता तो. आपली शर्यत संपली की पुढच्या शर्यतीत वळणावर उभं राहायचं आणि कुणाची गाडी उलटली की सरळ करून द्यायची. मास्तुरानं गाडी टेबलावर ठेवली, नारिंगी जाकीट आणि हातमोजे चढवले आणि उंचवट्यामागच्या तिसऱ्या वळणावर जाऊन उभी राहिली. तिला हसू येत होतं. ते दिसू नये म्हणून ती खाली बघत होती.

मोठी फायनल आठ मिनिटांची. अंकल लिओंगची निळी गाडी दुसरी धावत होती. दुसऱ्या मिनिटाला खिशात थरथर झाली.

ती जागीच ताठ झाली. थरथर थांबली. दुसऱ्या कुणाचा असेल. फैरुजचा असेल. तिनं डाव्या हातातला मोजा दातांनी ओढून काढला आणि फोन खिशातून अर्धाच वर केला. माक. सुटलेला कॉल, एक.

काही झालंच तर.

निळी गाडी तिच्या पुढ्यातून गेली. मचाण पन्नास पावलांवर होतं, पण तिथले सगळेच गाड्या चालवत होते. तिच्या जागी उभं राहायला कोणी मोकळं नव्हतं. अजून सहा मिनिटं. कपाळावर आलेला घाम डोळ्यात उतरला. त्या दुपारी इन्तानची बोटं कशी वळली होती, ते तिला दिसायला लागलं. क्लिनिकला पोचायला तेव्हा दहा मिनिटं लागली होती.

फोन पुन्हा थरथरला, आणि या वेळी थांबेना.

मास्तुरा ट्रॅकच्या कडेला टाकलेली पांढरी नळी ओलांडून तळ्याच्या कुंपणापर्यंत पळत गेली.

"माक, काय झालं?"

"काय व्हायचंय? तू फोन का नाही केलास?"

"काय?"

"तास झाला. म्हटलं, ही कशी गप्प? उन्हात चक्कर येऊन पडली की काय. तिथे तळं आहे म्हणतात, खोल आहे म्हणतात."

"माक, तुम्हीच म्हणालात ना, करू नकोस."

"म्हणाले. म्हणून करायचाच नाही?"

मागून खुडबुड झाली, आणि फोनवर इन्तानचा चिडका आवाज आला. आईला ती इबू म्हणे, आजीला ओपाह. "इबू, ओपाहला सांग ना. सारखं कानात ते तापाचं टुकटुक घालते. मी झोपले की घालते."

"तीनदाच घातलंय," माक लांबून म्हणाली.

"पाचदा."

मास्तुरानं कुंपणाची तार धरली. तेव्हाच पाठीमागून माइकचा आवाज आला. कुमरन आता थट्टा करत नव्हता. "तिसऱ्या वळणावर कोण आहे? निळी गाडी उलटी आहे. मार्शल, तिसरं वळण."

ती वळली. उंचवट्याखाली निळी गाडी छतावर पडली होती, चारही चाकं हवेत फिरत होती. मचाणावर अंकल लिओंग रिमोट खाली करून उभे होते. ती धावत गेली, गाडी उचलली, येणाऱ्या दोन गाड्या जाऊ दिल्या आणि मगच खाली ठेवली. तोवर ते सहावे झाले होते.

शर्यत संपल्यावर कुमरन कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला. माइक त्यानं बंद केला होता.

"मुलगी बरी आहे ना, अक्का?"

"बरी आहे."

"मग नाव काढावं लागेल. बरी नसती तर काही तरी सांगितलं असतं सगळ्यांना." त्यानं पाचव्या ओळीवर रेघ मारली, सावकाश, पट्टी लावल्यासारखी सरळ.

अंकल लिओंग शेजारी बसून आपल्या गाडीच्या छतावरची माती पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

"माझं चुकलं, अंकल."

"हं." त्यांनी फडकं झटकलं. "फोन कोणाचा होता?"

"सासूचा."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, फोन का नाही केलास."

अंकलनी एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पुसायला लागले, पण त्यांचे खांदे हलत होते. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून ॲलन की काढून तिच्या टेबलावर ठेवली.

"स्क्रू?"

"असेल."

"बघितला नाहीस?"

"नाही."

त्यांनी तिच्या गाडीकडे पाहिलं. त्यांचं बोट हळूच पुढच्या डाव्या चाकाकडे निघालं.

"अंकल," मास्तुरा म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतला.

तिनं गाडी न उलटता टॉवेलमध्ये गुंडाळली आणि पेटीत ठेवली. टेबलावरचा फोन उजळला. माकनं थर्मामीटरचा फोटो पाठवला होता. छत्तीस पूर्णांक सात. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. मास्तुरानं लिहिलं, "आता पुरे, माक. झोपू द्या तिला." ते तिनं एकदा वाचलं. मग पुसलं आणि फोन लावला.

पहिल्याच घंटेला उचलला गेला.