तापीचं पाणी प्यायलेली बॅटरी

आमचे हे ब्रह्मदेशात फौजेचे ट्रक चालवतात आणि यांची मोटार इथे सारंगखेड्यात माझ्या डोक्यावर! जाताना बजावून गेले, आठवड्यातून एकदा सुरू करत जा. करते बाई. इंजिन घुमलं की माझ्या सासूबाई ओट्यावर येऊन बसतात. मोटार चालू, तर त्यांचा मोती, म्हणजे आमचे हे, खुशाल, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलंय.

काल मोटार घुमलीच नाही. सासूबाईंनी भरलं ताट बाजूला सारलं.

आज सकाळीच सालदार उख्याला हँडल मारायला लावलं. घामाघूम झाला, तेव्हा कुठे इंजिन धरलं. काटा चार्जकडे झुकला, म्हणजे डायनामो वीज देतोय. बराच वेळ चालू ठेवून बंद केली आणि दिवे लावले. लाल झाले, गेले! दिलेलं बॅटरीच्या पोटात ठरतच नव्हतं. मग किती हँडल मारलं, हूं की चूं नाही. बॅटरीच मेली.

झाकणं उघडली, तर आत गाळ.

"हाई पानी कोन टाकं?" मी ओरडलेच.

सासूबाई ओट्यावरून हसल्या. "मी! मोती सांगी गयथा, बॅटरीले पानी पाजत ऱ्हा. तापीमाईनंच टाकं, इहीरनं नही."

अगं बाई! बॅटरीला बाटलीतलं शुद्ध पाणी लागतं. पण मायेनं इतक्या लांबून घागर वाहणाऱ्या बाईला काय सांगू? तुमच्याच हातानं गेली म्हणून?

मी चांगल्या डायनामोवर ढकललं. "डायनामो बिघडना, आत्याबाई. पानीनं काहीच नही व्हयनं."

"मंग मन्हा मोती?"

"खुशाल शेतस. डायनामो खोलनं त्यासलेच येस."

"मंग तो येईच," म्हणाल्या, आणि भाकर मागितली.

उखा जवळ सरकला. "भाभी, बॅटरीच गयी ना? धुळ्यातून नवी लयू का?"

"काही नको!"

तो बघतच राहिला. बघू दे. दोन वर्षं झाली, मला किती आठवण येते ते लिहून लिहून थकले. उत्तरात हे विचारतात, मोटार कशी आहे? जळो मेली ती मोटार! तिला साधी शिंक आली तरी यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

दुपारी पत्र टाकलं. मोटार बंद पडली. बॅटरी की डायनामो, मला काही म्हणजे काही समजत नाही. तुम्हीच येऊन बघा हो.