उजव्या बाजूचं काळीज

मोहाडीच्या वीरेंद्रचे आजोबा, केशवराव, पितळेचे नवसाचे पत्रे ठोकायचे. कुणाचे डोळे आले की देवीला पितळेचे डोळे, पाय दुखला की पाय. आयुष्यभरात हजारो ठोकले असतील, पण गावानं लक्षात ठेवला तो एकच. त्यातल्या छातीवरचं काळीज उजव्या बाजूला होतं. नक्षी पत्र्याच्या मागून ठोकतात, म्हणून नवशिक्याचं डावं-उजवं हमखास उलटतं. मुरलेल्या कारागिराचं उलटलं म्हटल्यावर लोकांचं तोंड कोण धरणार? ते 'उलटे केशवराव' झाले. ते वारले, पण नाव मेलं नाही. वीरेंद्र अजून 'उलट्याचा नातू'च होता.

आणि आता गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर कामिनीला प्रदर्शन सुचलं होतं! आपल्या माणसांनी शरीर कसं पाहिलं ते दाखवायचं म्हणून तिनं देवळादेवळांतले जुने पत्रे शाळेच्या हॉलमध्ये मांडले. तो एक तेवढा लावू नका, म्हणून वीरेंद्रनं हात जोडले. बाईंनी तो ऐन मध्यभागी लावला. लोक येत, बघत, हसत, आणि वीरेंद्र दाराशी उभा राहून मनातल्या मनात बाईंचा उद्धार करत होता.

प्रदर्शनाचं ऐकून दुपारी लाखांदूरच्या एसटीनं सत्यवती आली. पंचाहत्तरीची म्हातारी, माहेर मोहाडीचं. त्या पत्र्यापुढं ती बराच वेळ उभी राहिली आणि मग तिनं डॉक्टरांना आपली छाती तपासायला सांगितली.

कामिनीनं डावीकडं नळी लावली. कपाळाला आठ्या पडल्या. नळी उजवीकडं सरकली आणि बाईंचा चेहरा असा फुलला की भोवती गर्दीच झाली. तिनं वीरेंद्रला ओढत आणून नळी त्याच्या कानांत घातली. धडधड उजवीकडूनच येत होती, ठळक आणि भरभर. त्याचं स्वतःचंही इतकं धडधडत होतं की कुठलं कुणाचं ते त्याला कळेना. काही माणसं अशीच जन्मतात, आजी ठणठणीत आहेत, असं बाई सगळ्यांना सांगत सुटल्या.

"मी धा वर्षाची होती," सत्यवती वीरेंद्रला म्हणाली. "धाप लागे, म्हनून मायनं नवस बोलला. तुह्या आज्यानं माह्या छातीले कान लावला आन त्याले सारं समजलं. माय रडाले लागली, का हे लोकाईले समजलं त पोरीले कोन करून नेईल? त थो म्हने, देवीले खरंच दाखवू, लोकाईले मी सांगतो का माही चूक झाली."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. वीरेंद्रला रडू फुटलं. आजोबांनी हे घरातही कधी सांगितलं नव्हतं.

"माहं लगन झालं, लेकरं झाली, नातवंडं झाली," म्हातारी म्हणाली. "तुह्या आज्यानं मात्र मरेपर्यंत हसू घेतलं. आता माहं कोन काय बिघडवते? म्हनून आली."