नेद्याल्काचं नाव यादीत होतं का?

खोटं बोललात तुम्ही, वीज कंपनीवाले. गावच्या वाचनगृहात खुर्च्या मांडून, फुकटची कॉफी पाजून सांगितलंत की स्मार्ट मीटर साऱ्या गावाच्या भल्याचा आहे. बिघाड झाला तर शहरात बसल्या जागी कळेल, तिथूनच वीज जोडता येईल, खांबावर माणूस चढवायला नको. पेंचोकाकांनी तीस वर्षं या गावाचे फ्यूज बांधले. त्यांनी तेव्हाच विचारलं होतं, "बसल्या जागी जोडता येते, तर बसल्या जागी तोडताही येत असेल की?" तुम्ही हसलात.

नेद्याल्का हसली नव्हती. तिच्या नवऱ्याची, त्सांकोची, छाती खाणीने खाल्लेली. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असेल तोवरच त्याचा श्वास चालतो. हे तिने भर सभेत सांगितलं. तुमच्या माणसाने एक कागद पुढे केला. आजारी माणसांच्या घरांची यादी असते म्हणे, त्यांची वीज तुटत नाही. तिने सही केली.

मीटर बसले आणि गाव बिचकलं. कोण किती वाजता काय शिजवतं तेही मीटरला कळतं, जास्त वीज ओढली की तो ती तोडतो, अशी बोलवा उठली. त्यातच सप्टेंबर आला. लाल मिरच्यांची पोती दारोदार आली. भाजून, सोलून हिवाळ्याच्या बरण्या भरायच्या, तर विजेच्या भट्ट्या हव्यात आणि भट्टी लावायला सगळ्यांनाच धाकधूक. शेजारच्या ग्रोझ्दानाने तोड काढली.

"तुझी वीज ते तोडूच शकत नाहीत ना? मग सगळ्यांच्या भट्ट्या तुझ्याच अंगणात लावू."

नेद्याल्काची नजर त्सांकोच्या यंत्राकडे गेली. पण ती औषधं आणायला गेली की त्सांकोपाशी बसायच्या त्या याच बायका. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

घरातल्या प्रत्येक प्लगातून वायरी बाहेर आल्या. पाच भट्ट्या तापल्या, सालं सुटू लागली, हसणं-खिदळणं सुरू झालं. खिडकीतून त्सांको म्हणाला, "बायांनो, ऑक्सिजन मला द्यायचाय, मिरच्यांना नाही."

सहावी भट्टी लागली आणि घरघर थांबली.

मिरचीने लडबडलेल्या हातांनीच नेद्याल्काने छोटं सिलिंडर लावलं. ते पुरतं जेमतेम अर्धा तास. ग्रोझ्दानाने धडाधड सगळे प्लग उपटले. वीज आली नाही. पेंचोकाका खांबाशी धावले, पण मीटरची पेटी आता उंच, कुलूपबंद, वर तुमचं सील. जुना फ्यूज असता तर दोन मिनिटांचं काम. रुग्णवाहिका चाळीस मिनिटांवर.

नेद्याल्काने तुम्हाला फोन लावला. गाणं वाजलं. तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एक रेकॉर्ड म्हणालं. परत गाणं. सिलिंडरचा काटा खाली, आणखी खाली. त्सांकोचे ओठ निळसर. त्याने तिचं मनगट घट्ट धरलेलं, मिरचीच्या सालासकट. दारात ग्रोझ्दाना पुटपुटली, "माझीच अक्कल गं."

काटा लाल रेषेवर टेकला तेव्हा एक तरुण आवाज आला. त्याने मीटरचा नंबर विचारला. पेंचोकाकांनी तो बिलावरून ओरडून सांगितला.

"भार मर्यादेबाहेर गेला होता, बाई. यंत्रणेने आपोआप तोडलं. थांबा, जोडतो."

यंत्र घरघरलं. त्सांकोच्या छातीत हवा गेली, मग पुन्हा गेली.

"अजून काही मदत हवी का?" आवाजाने विचारलं.

"हवी," नेद्याल्का म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "सहा भट्ट्या लावल्या, ती चूक आमची. कबूल. आता तुमचं सांगा. मी मार्चमध्ये सही केली होती. आजारी माणसाचं घर म्हणून आमचं नाव त्या यादीत आहे का?"

पलीकडे बटणं टकटकली.

"बाई, ते... दुसऱ्या विभागाकडे..."

"विभाग नको. मी फोन ठेवत नाहीये. आहे की नाही?"